फळीची जुनी भोकं

संगमेश्वर,
रविवार, ६ एप्रिल १९८६

श्री. रामा सुतार यांस,

घडलं ते असं :

१. गुरुवारी, ३ तारखेला सकाळी आबा परांचीवरून पडले.
२. उजवा हात दंडात मोडला. रत्नागिरीला नेऊन प्लॅस्टर घातलं. डोक्याला मार नाही. जेवतात, बोलतात, चिडतात.
३. पडले तेव्हा ते होडीची शेवटची फळी बसवत होते. एकटेच.
४. फळी त्यांच्याबरोबर खाली आली. ती फुटली नाही.
५. त्या फळीला खिळ्यांची भोकं आहेत. भोकं जुनी आहेत.
६. भिवा तरीवाल्याने त्यांना उचललं. मला पोफळीला निरोप शुक्रवारी मिळाला.

पाचव्या कलमाचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तुम्ही आबांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलंत, म्हणून त्यांच्या अपघाताची बातमी तुम्हांला देणं योग्य वाटलं. त्यापलीकडे या पत्राला काही हेतू नाही. वेरावळचा पत्ता तुमच्या कार्डावरून घेतला. दोन्ही कार्डं माझ्याकडे आहेत. दुसऱ्या कार्डात एक प्रश्न होता, त्याचं उत्तर मी दिलं नव्हतं. का दिलं नाही ते तुम्हांला ठाऊक आहे, असं धरून चालते.

मी पोफळीलाच आहे, वीजघराच्या कॉलनीत, त्याच खोलीत. काम तेच, बोगद्यांचे नकाशे. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं की बाई पहिल्या आठवड्यात विचारतात, "मिस्टर कुठे असतात?" मी सांगते, "वेरावळला, बोटींच्या कामावर." हे खरं आहे आणि लोक तेवढ्यावर थांबतात. रेशनकार्डावर तुमचं नाव अजून आहे. साखर दोघांची मिळते. तुमच्या वाटणीची हौसाआत्याला देते.

आत्या भावाच्या उशाशी बसून असते आणि त्याला पडल्याबद्दल बोलत असते. काल आबा मला म्हणाले, "होडीवर पाणी मार. दोन दिस झाले, कुणी मारला नाय."

"तीन वर्षां हा होडीला पाणी घालतोय," आत्या मला म्हणाली. "तुळशीला घालीत नाय एवढा. तिला काय पालवी फुटणार हाय?"

"पाणी नाय घातला तर फटी पडतील," आबा पडल्या पडल्या म्हणाले.

"तुला पडल्या त्या बघ आधी."

पाणी मी घातलं. खाडीवरून कळशीने आणून. तुम्ही गेल्यापासून आबा रोज संध्याकाळी हे करतात, लाकूड सुकून तडकू नये म्हणून. बाहेरच्या अंगाला मारलेलं पाणी त्या एका उघड्या जागेतून आत जातं, तळाला साचतं आणि दुसऱ्या दिवशी करवंटीने उपसावं लागतं. म्हणजे आत पाणी न येण्यासाठी केलेली वस्तू गेली तीन वर्षं आतून पाणी उपसून घेते आहे. होडीवरच्या मांडवाचे झाप मागच्या पावसाळ्यानंतर बदललेले नाहीत. बाकी होडी चांगली आहे.

तुमचा लाकूड तासायचा वाकस आत्याने गोठ्यात टाकला होता. मी तो पुसून, तेल लावून आत ठेवला आहे. हत्याराला गंज चढू देणं मला पटत नाही.

नंदा


संगमेश्वर,
रविवार, १३ एप्रिल १९८६

यांस,

पाचव्या कलमाचा अर्थ लागला. तो कळवणं भाग आहे.

काल मी भिवाला बोलावलं. त्याने बाहेरून फळी दोरीने बांधून उघड्या जागेवर धरली आणि मी होडीच्या आत उतरले. या होडीच्या आत मी तीन वर्षांत पहिल्यांदा उतरले. फळीच्या प्रत्येक भोकासमोर फासळीत भोक निघालं. एकही भोक चुकलं नाही. फासळ्यांच्या आतल्या अंगाला खिळ्याचं टोक वाकवून लाकडात मुरवल्याच्या खुणा आहेत, आणि त्या खुणांवर, नंतरचे, पकडीचे ओरखडे आहेत. कुणीतरी वाकवलेलं प्रत्येक टोक पुन्हा सरळ केलं, आणि मग खिळे बाहेरून काढले. घाई केलेली नाही. फळीच्या कडा कुठेही चेमटलेल्या नाहीत. ती फोडायची नव्हती, परत वापरायची होती.

"ही बसलेली हाय याआधी," भिवा बाहेरून म्हणाला.

"ठाऊक होतं तुम्हांला?"

"मला काय ठाऊक? होडी पाण्यात आली की माझी. तवर सुताराची. सुताराच्या घरात मी डोकावीत नाय." मग थोड्या वेळाने, "सोडू काय गो? हात दुखाय लागला."

मी त्याला आणखी थोडा वेळ धरायला लावलं.

आपल्या कामातली रीत तुम्हांला सांगायला नको, पण मी काय समजून बसले होते ते कळण्यासाठी लिहिते. ज्या दोघांनी होडीचा कणा ठेवला त्या दोघांनीच शेवटची फळी बसवायची, एकाने आत बसून आणि एकाने बाहेर राहून. जो होडी उघडी टाकून जातो त्याला घर परत बोलावत नाही, त्याचं हत्यार घरात ठेवत नाहीत. आबा हे कधी उपदेशासारखं बोलले नाहीत. मला ते लहानपणापासून असं माहीत आहे जसं चुलीला पाय लावायचा नाही हे माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी मी शनिवारी पोफळीहून घरी आले. तुमचं अंथरूण नव्हतं. आबा मांडवात बसले होते. होडी समोर होती आणि उजव्या अंगाला, वरून तिसऱ्या ओळीत, एका फळीची जागा मोकळी होती. मी बाहेरून पाहिलं. मला पुरेसं वाटलं. त्यानंतर तुमचं पहिलं कार्ड आलं, त्यात काम लागल्याचं आणि पत्ता. दिवाळीआधी दुसरं आलं : "दिवाळीला येऊ का ते कळव." होडी उघडी टाकून गेलेला माणूस "येऊ का" असं कसं विचारतो, याचा मला राग आला होता. राग आला की मी लिहीत नाही.

काल संध्याकाळी आबांना विचारलं. आत्या चुलीपाशी होती, तिथूनच ऐकत होती. जे बोलणं झालं ते असं.

"आबा, ही फळी एकदा बसली होती."

"व्हय."

"कुणी बसवली?"

"त्यानं नि मी. तो जायच्या आधल्या दिशी. मी म्हटला, उघडी टाकून जाशील तर या उंबऱ्यात परत नाय यायचा. तर म्हणाला, चला, आताच बसवू."

"मग काढली कुणी?"

आबांनी प्लॅस्टरवर डावा हात फिरवला. "मी. तो गेल्यावर."

"का?"

"होडी पुरी झाल्यावर त्याचा हितं काय उरला? मोकळा झाला ना तो. उघडी असली तर कवातरी यायला लागेल."

"त्यांना कळवलंत? उघडली म्हणून?"

"कसा कळवू? आपल्याच हातानं काढली असा कुठल्या तोंडानं सांगू? वाटला, जाणारायेणारा कुणीतरी सांगेल, होडी उघडी हाय अजून."

"आणि मला? मला का सांगितलंत की ते उघडी टाकून गेले?"

"मी कवा सांगितला? तू आलीस, बघितलास नि तूच म्हणालीस. मी नाय म्हटला नाय, एवढाच."

हे बरोबर आहे. मी आठवून पाहिलं. ते वाक्य माझंच होतं.

चुलीपाशी बसलेली आत्या म्हणाली, "दोघां बापलेकींनी मिळून एका माणसाला गावाबाहेर काढलात नि मी त्याचा वाकस गोठ्यात टाकला. मला तरी सांगायचात. मी शेणात टाकला तो."

नकाशात चूक सापडली की आमच्याकडे ती खोडत नाहीत. जुनी रेघ राहू देतात, बाजूला सुधारलेली रेघ काढतात आणि खाली तारीख घालून सही करतात. तसं करते : होडी तुम्ही बंद करून गेलात. दि. १३-४-८६. नंदा.

आता एक माहिती हवी आहे. गेली तीन वर्षं रविवारी घरी आले की मी या होडीची चित्रं काढते. प्रत्येक भाग वेगळा, मापासह. आतली मापं आबा सांगत. आबांनंतर असं काम करणारं या खाडीवर कुणी नाही. तुम्ही आहात, पण तुम्ही तिथे आहात. आबा चित्रांना हसत नाहीत. मुख्य चित्र त्यांनी स्वतः मांडवात टांगलं, पण उलटं, तळ वर करून. मी म्हटलं, "आबा, उलटं आहे." म्हणाले, "पावसाचे दिस हायत. पावसात होडी पालथीच असते." अजून ते तसंच आहे.

एक जागा मात्र रिकामी आहे. पुढच्या टोकाला, नाळेकडे जाताना फळीला जो पीळ द्यावा लागतो तो किती, आणि कुठून सुरू करता? आबांना तो शब्दांत सांगता येत नाही. ते उजव्या हाताने हवेत दाखवायचे, आणि तो हात आता प्लॅस्टरमध्ये आहे. डाव्या हाताने दाखवला तर पीळ उलटा पडतो आणि ते माझ्यावर चिडतात. तुम्ही लिहून कळवू शकलात तर बरं. कळवलंच पाहिजे असं नाही.

दुसरी गोष्ट. फळी बसवली तेव्हा आत कोण होतं आणि बाहेर कोण? आबा सांगत नाहीत. खिळा बाहेरून मारायचा, आतल्याने त्यावर घण दाबून धरायचा, टोक आलं की वाकवायचं. वरच्या फळ्या चढल्या की दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मी लहानपणी आबांसाठी आत बसायचे. आतून एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे मार. तासन्‌तास आम्ही बोलत नसू, आणि तरी मला कधी एकटं वाटलं नाही. त्या संध्याकाळी तुमच्या दोघांत बोलणं झालं का, की नुसते ठोकेच, हे मला विचारायचं आहे. याचा चित्राशी संबंध नाही.

नंदा


संगमेश्वर,
रविवार, २७ एप्रिल १९८६

अहो,

आबांच्या नावाचं तुमचं कार्ड गुरुवारी घरी आलं. ते मला काल वाचायला मिळालं, कारण आत्याने ते भिवाला वाचू दिलं नाही. तो मागत होता. ती म्हणाली, "घरातला हाय. पोर येईल नि वाचील." दोन दिवस कार्ड तिने तांदळाच्या डब्यावर ठेवलं होतं. आबा डब्याकडे बघत होते.

कार्डावरची तारीख पाहता माझं दुसरं पत्र तोवर तुमच्या हाती पडलेलं नव्हतं. म्हणून तुम्ही काय लिहिलंत ते इथे उतरवते, म्हणजे आपण दोघं एकाच कागदावर येऊ :

"ति. आबांस सा. न. हाताला जपा, घाई करू नका. फळी आपण दोघांनी बसवली होती, आत तुम्ही, बाहेर मी. मग ती पुन्हा कशी बसवत होतात ते समजलं नाही. नंदाला सांगा म्हटलं होतं. तिला ठाऊक आहेच. तिने तिचं ठरवलं, त्यात माझं काही म्हणणं नाही. इथे मोठ्या बोटीचं काम चालू आहे. आत्यास नमस्कार. रामा."

हे मी आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसरं कोण वाचणार. "तिला ठाऊक आहेच" इथे मी थांबले नाही, आवाज बदलला नाही, शेवटपर्यंत वाचलं.

"परत वाच," आबा म्हणाले.

परत वाचलं.

"त्यानं म्हटला व्हता," ते म्हणाले. "जाताना. नंदाला सांगा, पुरी करून गेलो. माझ्या ध्यानात नाय रवला असा म्हणू काय?"

"म्हणू नका."

"नाय म्हणत."

आत्या मध्ये पडली. "पोरीचा संसार खिळ्यागत उपटून ठेवलास नि वर पाणी मारीत बसलास."

"मी फळी काढली," आबा म्हणाले. "संसार नाय काढला."

"मग काय काढलास? सांग ना. तीन वर्षां ही पोर रविवारची येते, कागद घेऊन त्या होडीसमोर बसते, नि सोमवारी जाते. नवरा विचारतो येऊ का, नि ही उत्तर देत नाय. तुला दिसत व्हता. मला शेजारणी विचारतात, काय झाला गो तुमच्या नंदाचा? मी सांगते, नोकरी हाय. नोकरी!"

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. प्लॅस्टर असल्याने त्यांना त्या कुशीवर होता येत नाही, म्हणून थोड्या वेळाने त्यांना परत आमच्याकडे वळावं लागलं. आत्याने त्यांना चहा दिला. तिने तो बशीत ओतून धरला आणि ते प्याले. मग ते मला म्हणाले, "त्याला लिही. मी काढली असा लिही. माझा अंगठा घे खाली."

अंगठ्याची गरज नाही. मी लिहिते आहे ते पुरे.

मला ठाऊक नव्हतं. हे वाक्य तुम्हांला वेगळं मिळावं म्हणून वेगळं लिहिते आहे. तुमचं दिवाळीचं कार्ड आलं तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुम्हांला वाटत होतं की मला माहीत आहे आणि तरी मी उत्तर देत नाही. मला वाटत होतं की तुम्ही घर उघडं टाकून गेलात आणि वर विचारता. मी ठरवलं असं तुम्ही लिहिलंत. मी काहीच ठरवलं नव्हतं. मी नुसती राहत होते.

कसं राहत होते ते तुम्ही विचारलेलं नाही. कॉलनीत सगळ्या खोल्या एकसारख्या आहेत. दार उघडलं की समोर डोंगर, आणि डोंगराच्या पोटात वीजघर, त्यामुळे रात्रंदिवस एक बारीक घरघर असते. नवीन माणसाला ती ऐकू येते, जुन्याला येत नाही. मला अजून येते. ऑफिसातून आले की मी स्टोव्ह पेटवते, एका माणसाचा भात टाकते. अंदाज चुकतो. जो भात उरतो तो दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकते. हे चुकणं तीन वर्षांत सुधारायला हवं होतं, कारण माझं बाकीचं मोजमाप बरोबर येतं.

आता गावची बाब. भिवाची जुनी होडी या पावसाळ्यात चालणार नाही. मधल्या फळीतून पाणी येतं. तो एका हाताने वल्हवतो आणि माणसांना म्हणतो, "बसल्या बसल्या उपसा, फुकटात पोचवतोय काय?" पलीकडच्या वाडीतल्या लोकांना बाजार आणि दवाखाना यासाठी तीच एक वाट आहे. तालुक्याहून फायबरची होडी मिळण्याजोगी आहे. १८ मे रोजी देवळात बैठक आहे. तोवर आबांची होडी बंद होऊन पाण्यात उतरली असेल तर गाव तीच घेणार. नसेल तर फायबरची. आबा त्या गुरुवारी एकटेच परांचीवर चढले ते याचसाठी. भिवा म्हणतो, "मला काय, कुठलीपण चालेल." पण तो रोज मांडवात येऊन होडीच्या काठावर हात ठेवून उभा राहतो. फायबरची होडी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. हलकी असते, फटी पडत नाहीत. आबांच्या हातून मात्र यापुढे होडी होणार नाही. ही पाण्यात गेली नाही तर मांडवातच संपेल.

म्हणून काल दुपारी एक गोष्ट करून पाहिली. आबांना मी आणि भिवाने धरून होडीत उतरवलं. आत्या काठावर उभी राहून सगळ्यांना शिव्या देत होती. फळी मी लावली नाही. तिच्या जागी फळीच्याच जाडीचा एक तुकडा धरला. आबा आत, डाव्या हातात घण. मी बाहेर, हातोडा घेऊन. जुनी भोकं सैल झाली आहेत, त्यात खिळा धरणार नाही. बोटभर सोडून नवीन भोकं पाडावी लागतील. तशी तीन पाडली.

पहिला खिळा वाकडा गेला. आतून एक ठोका आला. मी थांबले. खिळा काढला, दुसरा लावला. आतून दोन ठोके. मी मारला. पुन्हा दोन, पुन्हा मारला. मग आत टोक वाकवल्याचा आवाज आला आणि आबा म्हणाले, "बसला." पुढचा खिळाही बसला.

बाहेर राहून ते ठोके ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ. आत असताना वाटायचं, बाहेरचा माणूस आपल्याला सांभाळतो. बाहेर उभं राहिलं की कळतं, त्याला काहीच दिसत नसतं. आतून जे येईल त्यावर त्याला चालावं लागतं. त्या संध्याकाळी तुम्ही या जागी उभे होतात. ठोके बरोबर येत होते, खिळे बसत होते, आणि तुम्ही त्यावरून समजलात की आत सगळं ठीक आहे.

आबांना वर काढल्यावर मी विचारलं, "रीतीचं काय? कणा तुम्ही आणि त्यांनी ठेवला."

"त्यानं त्याचा केला," आबा म्हणाले. "एकदा बसवून गेला तो. दुसऱ्यांदा बसवायला त्याला बांधता येत नाय. तू मार. मी धरतो. फकस्त त्याला कळव आधी. त्याच्या हातची फळी हाय, त्याच्यामागून नको."

तेव्हा कळवते.

तुमच्यावाचून फळी बसत नाही अशी स्थिती नाही. आबांचा डावा हात आणि माझा उजवा मिळून ते काम होतं, थोडं हळू होतं एवढंच. फटींमध्ये कापूस आणि राळ भरायला भिवा मदत करील. नंतर होडी पाण्यात घालून काही दिवस तशीच ठेवावी लागेल, लाकूड फुगेपर्यंत. हे सगळं धरून काम गुरुवारी, १५ मे रोजी सुरू केलं तर उशीर होतो, म्हणून मी मंगळवार, १३ मे ठरवला आहे. रजा मंजूर झाली आहे. बैठकीच्या दिवशी होडी पाण्यात दिसली म्हणजे पुरे. ती फुगायची राहिली असली तरी भिवा गावाला ते समजावून सांगेल.

होडीसाठी तुम्ही यायलाच हवं असं लिहिता आलं असतं तर हे पत्र सोपं झालं असतं. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. तुम्ही मोकळे आहात. तीन वर्षांपूर्वीच मोकळे झाला होतात. वेरावळचं काम सोडा असं मी म्हणत नाही, आणि पोफळीची नोकरी मी सोडणार नाही. दोन ठिकाणी राहून एक घर कसं करायचं ते मला अजून मांडता आलेलं नाही. कागदावर बरेचदा काढून पाहिलं. पोफळीपासून संगमेश्वर आणि वेरावळपासून संगमेश्वर, या दोन रेघा फार असमान आहेत.

तरी या.

आलात तर आबा आत बसतील की मी, हे आपण तिघांत ठरवू म्हणाल. ते तेव्हा बघू. येणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. मी ते आबांना वाचून दाखवीन आणि मंगळवारी फळी बसवीन. "बघतो", "जमलं तर" असं काही लिहू नये. त्यावर मला काम करता येत नाही.

आत्या पाणी तापवायचा बंब घासते आहे. तिने कारण सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

तुमचं उत्तर सोमवार, १२ मेपर्यंत मला संगमेश्वरच्या पत्त्यावर मिळावं. कार्ड तोवर पोचणार नाही असं वाटलं तर तार करावी.

नंदा